चार कुलपांचा फ्रीझर

चार संस्थांनी मिळून संशोधन केंद्र काढलं आणि रक्ताच्या नमुन्यांच्या एका फ्रीझरला चार कुलपं लावली. एकेका प्रमुखाच्या खिशात एकेक किल्ली. विश्वास म्हणतात तो हा!

भरदुपारी फ्रीझर बंद पडला. आजारी पोरांचं रक्त नासायला आलं. संचालिका इंगवलेबाईंनी धावाधाव करून तीन किल्ल्या मिळवल्या. चौथी खिशात घालून दामलेसाहेब परदेशी गेले होते, सहकार्यावर भाषण ठोकायला.

"आता काय हो, बाई?" शिपायानं विचारलं.

"आता हातोडा!"

कुलूप फुटलं, नमुने दुसऱ्या फ्रीझरमध्ये सुखरूप पोचले. संध्याकाळी चारही प्रमुख, दामलेसाहेब फोनवरून, एका सुरात कडाडले, "कुणाला विचारून फोडलंत?"

बाई हसल्या. "अगबाई! केंद्र निघाल्यापासून आज पहिल्यांदा तुमचं एकमत झालं. उरलेली तीनही फोडते!"