घोट्यांना लागणारा वारा

“ह्याला आता म्युझियममध्ये पाठवा, काका,” बॉयलर तपासायला आलेली लॉरेन म्हणाली. ती गुडघ्यांवर बसली होती आणि तिचं डोकं शेकोटीच्या कोनाड्यात होतं. तिथे गॅसच्या शेकोटीमागे घर गरम ठेवणारा चाळीस वर्षांचा बॉयलर बसवलेला होता. “नवा घ्या. स्वयंपाकघरातल्या कपाटात मावेल. आवाजसुद्धा करायचा नाही.”

“दुरुस्त कर, पोरी,” डेस्मंड होलरॉयड म्हणाला. “नवा नको.”

“का? सोनं लपवलंय का ह्याच्यात?”

डेस्मंडनं तिला आणखी एक चहा विचारला. सांगणार तरी काय? त्याची बायको नोरीन मार्चमध्ये वारली आणि कीथलीच्या चढावरच्या त्या घरात तो एकटा उरला. मुलगा कॅनडात. शेजारी दिवसभर कामावर. कोपऱ्यावरच्या दुकानातली बाई सोडली तर आठवडा आठवडा कुणाशी बोलणं नाही. सवय होते म्हणणाऱ्यांनी एकदा राहून बघावं. आणि मग ऑक्टोबरात नोरीन परत आली. संध्याकाळी पडदे ओढले, शेकोटी मोठी केली, की तासाभरात ती सोफ्यावर तिच्या कोपऱ्यात येऊन बसायची. मांडीवर विणकाम. कधी काही बोलायची, कधी नुसतीच बसायची. त्याचं डोकं जड व्हायचं, डोळे मिटायला लागायचे, पण तो झोपायचा नाही. त्या दोन तासांसाठी तो बाकीचा दिवस कसाबसा ढकलायचा. ह्या खोलीतलं त्याला काही म्हणजे काही हलवायचं नव्हतं.

लॉरेननं बॉयलर चालू करून बघितला. थोड्या वेळानं तिच्या कमरेचं यंत्र ठणाणा बोंबलायला लागलं. ती ताडकन उठली, गॅस बंद केला आणि खिडकी सताड उघडली. नोव्हेंबरचा गारठा आत घुसला. मग ती भिंतीलगत वाकून काहीतरी शोधायला लागली. सोफ्यामागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक जाळी होती. तिनं जाळी काढली आणि आतून लोकरीचे मोजे ओढून काढले. एक, दोन, पाच.

“हे भोक कुणी बुजवलं?”

“मीच. तिथनं गार वारा येतो. नोरीनच्या, माझ्या बायकोच्या, घोट्यांना लागायचा. तीस वर्षं ती म्हणायची बुजव, आणि तीस वर्षं मी म्हणायचो उद्या. ऑक्टोबरात एकदाचं बुजवलं.”

बुजवल्यावर तिसऱ्या दिवशी ती आली होती. शेवटी आपण तिचं ऐकलं म्हणून आली, असंच तो समजत होता.

“अहो काका, तो वारा बॉयलरसाठी होता! ह्या जुन्या धुडाला खोलीतली हवा लागते. ती मिळाली नाही की विषारी वायू सोडतो. त्याला वास नाही की रंग नाही. डोकं दुखतं? गुंगी येते?”

“ह्या वयात काय दुखत नाही?”

“थट्टा नाही हं. माणसांना भास होतात त्यानं. गेल्या हिवाळ्यात एका बाईला माडीवर पावलं ऐकू यायची. तिनं पाद्र्याला बोलावलं. बोलवायचं होतं मला!” ती हसली. मग तिनं त्याचा चेहरा बघितला. “तुम्हाला नाही ना काही दिसलं?”

“नाही,” डेस्मंड म्हणाला आणि खुर्चीत बसला. एकाच बाईसाठी एका माणसानं दोनदा रडायचं, हा कुठला न्याय?

लॉरेननं त्याच्यापुढे कागद ठेवला. “आज हा बंदच राहणार. तुम्हाला मी आत्ता दवाखान्यात सोडते, रक्त तपासून घ्यायचं. त्याआधी एवढं ठरवा. दुरुस्त करायचा तर धुराडं साफ करते, दोन भाग बदलते, दोन-तीन हिवाळे निघतील. पण हे भोक कायम उघडं ठेवायचं. नवा घेतलात तर कटकटच मिटली. तो हवा बाहेरून घेतो. अख्खं घर मोज्यांनी भरलंत तरी त्याला फरक पडायचा नाही.”

डेस्मंडनं पेन घेतलं. कागदावर दोन चौकोन होते. दुरुस्ती म्हटलं की संपलं, पोरगी निघून जाणार. मग भोक पुन्हा बुजवायचं, पडदे ओढायचे, आणि ती यायची. एखाद्या संध्याकाळी आपले डोळे मिटतील ते उघडायचे नाहीत, हे त्याला आता चांगलं ठाऊक होतं. मिटले तर मिटले. त्यानं पेन दुरुस्तीच्या चौकोनावर टेकवलं.

“मला एक मात्र कळलं नाही,” हत्यारं पेटीत भरत लॉरेन म्हणाली. “बॉयलर चालत होता. घर गरम होतं. तुमची काही तक्रारही नव्हती. मग मला बोलावलंत कशाला?”

डेस्मंडचा हात थांबला.

“बायको हात धुऊन मागे लागली,” तो हळूच म्हणाला. “काल संध्याकाळी. डेस, बॉयलरवाल्यांना बोलाव. डेस, उद्याच बोलाव. सारखं तेच.”

“वाचवलं हो बाईंनी तुम्हाला! आणखी एखादा आठवडा गेला असता ना, तर... कुठे आहेत त्या? भेटू द्या तरी.”

डेस्मंडनं पेन उचललं आणि नव्याच्या चौकोनात खूण केली.

“ती आता यायची नाही,” तो म्हणाला.