कोरा हेडसेट

उद्या हेमांगी पहिल्यांदाच एकटी विमान उडवणार होती. धावपट्टीजवळच्या दुकानात दस्तगीरचाचांनी खुंटीवरचा जुना हेडसेट तिच्या कानांवर चढवला. गेलेल्या वैमानिकांचं शहाणपण त्यात मुरलेलं असायचं. शिकाऊ पोरांना ते आभाळात सांभाळून घ्यायचं.

"पोरी, उद्या उडू नकोस गं," कानात कुणीतरी मायेनं म्हणालं.

तिनं दुसरा लावला, मग तिसरा. आवाज निराळे, विनवणी तीच.

"चाचा, सगळे भित्रे भरलेत हो तुम्ही! न बोलणारा नाही का एखादा?"

चाचांचा चेहरा उतरला. "आहे. अगदी कोरा. तो फक्त तुझा आवाज साठवेल. पण बेटा, उद्याच जायला हवं का?"

"म्हणजे काय!"

कोरा हेडसेट गळ्यात अडकवून ती गुणगुणत निघाली. चाचांनी भिंतीवरची एक खुंटी मोकळी करून ठेवली.