घरात माणसं किती

वकीलबाईंनी बजावून सांगितलं होतं की कर्जाच्या सल्लागाराशी बोलणं झाल्याशिवाय कोर्ट दिवाळखोरीचा अर्ज हातातही धरणार नाही. म्हणून नॉरीननं स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, फोन मधोमध ठेवला आणि आवाज मोठा केला. डेल जाकीट न काढताच समोर बसला. बाहेर त्याचा ट्रक उभा होता, बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा. त्याच्यावरच घर चालत होतं, आणि अर्ज गेला की पहिला तोच जप्तीत जाणार होता.

"सुरुवातीला फी भरावी लागेल," पलीकडून आवाज आला. "दोघांची मिळून पन्नास डॉलर."

"भिकेला लागायलाही फी पडते होय?" डेल पुटपुटला.

"गप रे." नॉरीननं बहिणीच्या कार्डाचा नंबर वाचून दाखवला.

सल्लागाराचं नाव ब्रेंट. आवाजावरून कोवळाच वाटत होता. इथं तुम्हाला कुणी बोल लावणार नाही, तो म्हणाला, आपण मिळून फक्त मार्ग शोधायचा. बोलायची पद्धत चांगली होती. नॉरीनचे खांदे जरा सैल पडले.

"कार्डावर हॉटेलचा खर्च बराच दिसतोय. सगळा सिनसिनाटीतला. आणि बाहेरचं खाणं तर जवळजवळ रोजचं. मिसेस टकेट, फिरायची हौस कुणाला नसते? पण हात आखडता घ्यायची वेळ आली की सगळ्यात आधी..."

"हॉस्पिटलसमोरचं मोटेल आहे ते," नॉरीन म्हणाली. "पोरीजवळ रात्री एकालाच थांबू देतात. दुसऱ्यानं झोपायचं कुठं?"

"अच्छा, अच्छा. मग तो आजारपणाच्या खर्चात टाकतो." टाइप केल्याचा आवाज आला. "तरी पुढच्या वेळी घरून डबा नेलात तर खूप फरक पडतो बघा."

डेलनं तोंड उघडलं. नॉरीननं टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दाबला.

"आता घरातली माणसं. तीन."

"दोन," नॉरीन म्हणाली.

"इथं तीन लिहिलीत. जोसी, वय सात."

"तो फॉर्म मी ऑगस्टमध्ये भरला होता. आता दोनच लिहा."

पलीकडचं टाइप करणं थांबलं. "सॉरी," ब्रेंट म्हणाला. "फार वाईट वाटलं ऐकून." आणि त्याला ते खरंच वाटलं असावं, कारण पुढचं बोलायच्या आधी तो एकदा खाकरला. "मला मग तिचे खर्च काढावे लागतील. नाहीतर हिशेब चुकेल."

"काढा."

तो एकेक वाचत गेला. औषधं? काढा. शाळेतलं जेवण? काढा. सिनसिनाटीचं पेट्रोल? काढा. कपडे आणि बूट म्हटल्यावर नॉरीन पुसलेलं टेबल पुन्हा पुसू लागली. डेल खिडकीबाहेर बघत म्हणाला, "काढा."

"अरे वा!" ब्रेंटच्या तोंडून निघून गेलं. त्यानं लगेच स्वतःला सावरलं. "म्हणजे, मला असं म्हणायचंय की चित्रच बदललं. खर्च इतका कमी झालाय. शिवाय, मिसेस टकेट, आता तुम्हाला घरी थांबायची गरज नाही, पुन्हा कामावर जाता येईल. तो पगार धरला तर दर महिन्याला चांगले पैसे उरतात. तुम्हाला दिवाळखोरीची गरजच नाही! मी पाच वर्षांचे हप्ते बांधून देतो. सगळं फिटेल."

"आणि ट्रक?" डेलनं विचारलं.

"ट्रक तुमचाच राहील."

डेल ताठ झाला. आल्यापासून पहिल्यांदा त्यानं जाकिटाची चेन खाली ओढली. त्याचा चेहरा उजळला होता. नॉरीननं हा चेहरा याआधी पाहिला होता, डॉक्टर 'जोसीचं रक्त सुधारतंय' म्हणाले होते त्या सकाळी. ती आपल्याकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं मान खाली घातली, पण चेहऱ्यावरचं ते काही केल्या पुसलं जाईना.

"हप्ते बांधायच्या आधी एक प्रश्न विचारावाच लागतो," ब्रेंट म्हणाला. "ज्या कारणामुळे तुमच्यावर ही वेळ आली, ते कारण आता संपलंय का? नुसतं हो किंवा नाही सांगा."

डेल जाकिटाची चेन वरखाली करत राहिला.

"मिस्टर टकेट?"

"सांग ना," नॉरीन म्हणाली. "तोंड शिवलं का आता? तुझा ट्रक वाचतोय."

"नॉरीन, असं नको गं बोलूस."

"मग तू बोल. तो विचारतोय ना."

डेल पुढं वाकला. तिला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यानं तोंड अगदी फोनजवळ नेलं.

"हो," तो म्हणाला.

"उत्तम!" ब्रेंटचा आवाज स्वयंपाकघरभर घुमला. "खरं सांगू का, बहुतेकांचं गाडं इथंच अडतं. त्यांचं कारण काही केल्या संपतच नाही."