उशीवरचे केस

नवऱ्याला पदरात पाडून घ्यायचं होतं ते इतकंच: बायकोने उठल्याउठल्या उशी बघून रडू नये. आजारात तिचं शरीर तिच्यावरच उलटलं होतं, मूत्रपिंडांवर घाला पडला होता, केस पुंजक्यांनी गळत होते. ती जागी व्हायच्या आत तो ते वेचून खिशात घालायचा. विंचरूनही तोच द्यायचा. महिन्याभरात ती चक्क हसू लागली.

आज चहा ओतताना म्हणाली, "अहो, रागवायचं नाही हं. केस गळायचे थांबले, म्हणजे आजार गेलाच की! पंधरा दिवस झाले, मी गोळ्या बंद केल्यात."

मूत्रपिंडं सांभाळणाऱ्या गोळ्या! खिशातला आजचा पुंजका त्याच्या मुठीत घामाने भिजला.

"आणि माझ्या चपला बघा, धुतल्यावर आटल्या वाटतं."

त्याने खाली पाहिलं. हसू त्याने कमावलं होतं. सुजलेले पाय तिचे होते.