मागचं दार

चुलीवरचा गंबोचा रस्सा ढवळता ढवळता ओडील पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या दमटपणा-मापकाच्या आकड्याकडे बघत होती. घरातला दमटपणा पुन्हा चढत होता. अख्ख्या घराची हवा सुकवणारं यंत्र उन्हाळ्यात बसवल्यापासून भिंतींवरची बुरशी गेली होती, बाबांचा खोकलाही थांबला होता. शेवटी तिने यंत्र बसवणाऱ्या क्लोव्हिसला फोन लावला.

"तुझ्या यंत्राला काय धाड भरलीय रे?"

"यंत्राला काही झालेलं नाही, ताई. कुठलं तरी दार उघडं राहिलं असेल. खाडीवरची हवा आत येतेय."

"पुढचं मीच लावलंय. आणि मागचं उघडतच नाही, दमटपणाने फुगून गच्च बसलंय. बाबांना हल्ली काही आठवत नाही. होडीवर जायचं म्हणून रोज ते दार ढकलतात आणि दमून परत येऊन बसतात. होडी विकून किती वर्षं झाली! त्या दाराला कडी लावायचीही कधी गरज पडली नाही."



"ताई, घर सुकलंय आता. दारही सुकलं असेल."

ओडीलने बाबांना हाक मारली. भिंतीवरचा आकडा आणखी एकाने चढला.