ऑनर्सची जागा

"आता बरं दिसतंय, की आता?" काच बदलत चष्मेवाल्याने विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?" खुर्चीतले प्राध्यापक म्हणाले.

"डोळे तुमचे. मला काय वाटायचंय?"

दुकान उघडल्यापासून तो हेच उत्तर देत आला होता. गिऱ्हाइकाच्या तोंडात उत्तर घालायचं नाही, हा त्याचा नेम. आपण 'ही काच छान' म्हटलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो आणि मग वर्षभर डोकं धरून बसतो, असं तो सांगायचा. नेम चांगलाच होता. फक्त दुकानाला कुलूप लावताना तो आत ठेवून यावा, हे त्याला कधी सुचलं नाही. घरात भाजी कुठली, पडदे कुठले, सगळ्याला एकच उत्तर: तुझं तू ठरव.

आज मात्र विचारायचं त्यालाच होतं. प्राध्यापकांचा नंबर काढून झाल्यावर त्याने घसा खाकरला.

"सर, ऑनर्स म्हणजे नक्की काय हो? मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक आपलं इथलंच कॉलेज, साधी पदवी. दुसरं ते लांबचं विद्यापीठ. तिथं ऑनर्सला घेतलंय म्हणते."

प्राध्यापकांच्या भुवया वर गेल्या. "तिथल्या ऑनर्सला? अहो, मूठभर मुलं घेतात ते."

"पण नुसतं नाव मोठं, की त्यात खरंच काही असतं?"

"बऱ्याच ठिकाणी नुसतं नावच असतं. तिथं तसं नाही. विद्यापीठ अवाढव्य, पण ऑनर्सचे वर्ग लहान. शिक्षक मुलांना नावानं ओळखतात, पहिल्या वर्षापासून संशोधनाला हात लावू देतात. इथलं कॉलेज वाईट नाही हं. पण माझी मुलगी असती, तर मी स्वतः तिची बॅग भरली असती."

चष्मेवाला काचा पुसून पेटीत लावू लागला. इथलंच बरं, असं कुणीतरी जाणत्या माणसाने म्हणावं, म्हणून तर त्याने विषय काढला होता.

बायको गेल्यापासून घरात तो आणि मुलगी, दोघंच. मुलीला तो भिंगरी म्हणायचा. ती घरात असली की घरभर असायची. त्याने दारात पाऊल टाकलं की "बाबा, चपला जागेवर!" म्हणून ओरडायची. त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करायची, आणि पकडली गेली की आणखी जोरात करायची. ती गेल्यावर आपल्यावर कोण ओरडणार, या विचाराने त्याला गेले काही दिवस जेवण गोड लागत नव्हतं. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. भिंगरीला तर नाहीच.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात मटार सोलत बसली होती.

"इथल्या कॉलेजला उद्या कळवायचंय," ती म्हणाली. "काय करू? जाऊ, की राहू?"

"तुला काय वाटतं?"

"मी तुम्हाला विचारतेय."

"शिकायचं तुला आहे."

"बाबा, एकदा तरी सांगा ना! मी काही तुमचं गिऱ्हाईक नाहीये."

तो समोर बसला आणि एक शेंग उचलली. "इथं कसं आहे?"

"मस्त आहे. मैत्रिणी आहेतच. ग्रंथालय बघून आले, खिडकीजवळची जागाही हेरून ठेवलीय. चालत जाता येतं, दुपारी घरी येता येईल." ती भराभर बोलत होती.

"आणि तिथं?"

"तिथं ऑनर्स आहे."

"वसतिगृह वगैरे?"

"असेल बरं." ती खाली मान घालून शेंगा सोलत राहिली.

चष्मेवाल्याने ओळखायचं ते ओळखलं. माणूस मनात नसलेलं उत्तर देतो तेव्हा घाईने देतो, हे त्याला खुर्चीतल्या गिऱ्हाइकांनी शिकवलं होतं. पोरीचं मन तिथं आहे आणि आपल्यापायी तिचा पाय निघत नाही. आपण 'राहा' म्हटलं की ती हसत राहील आणि जन्मभर बोलून दाखवणार नाही. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने मनाचा हिय्या केला आणि आयुष्यात पहिल्यांदा नेम मोडला.

"जा तू," तो म्हणाला.

भिंगरीने मान वर केली. "जाऊ?"

"अगं, अशी संधी कुणी सोडतं का? प्राध्यापकांना विचारून आलोय मी."

"पण तुम्ही एकटेच राहाल."

"मग काय झालं? उलट मला जरा मोकळीक मिळेल. तुझ्या खोलीत दुकानाचं सामान ठेवीन, कधीपासून अडचण होतेय."

"म्हणजे मी गेले तर तुम्हाला चालेल?"

"चालेल काय, पळेल!" तो म्हणाला आणि हसलासुद्धा. आवाज जराही कापला नाही, याचं त्याला मनातल्या मनात कौतुक वाटलं.

भिंगरीने हातातली शेंग न सोलताच खाली ठेवली.

"तिथं माझं नाव लागलंच नाही, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही एकदा 'राहा' म्हणाल, असं वाटलं होतं."