भरतीच्या वरचा देश

मोतीबेट बुडाल्याला एक पिढी उलटली, तरी त्या देशाची संसद होड्यांना होड्या बांधून दर सोमवारी भरतच होती. जागतिक मंडळाच्या निरीक्षकानं पंतप्रधान तुळसामावशींना तोंडावर सांगितलं, "लोक आहेत, सरकार आहे, मासळीचा धंदाही जोरात आहे. पण भरतीला कोरडी राहील अशी जमीन नसेल, तर देश संपला. मग समुद्र मंडळाचा आणि मासळीही मंडळाची."

"चला की, दाखवते," म्हणत मावशींनी त्याला होडीतून नेऊन एका पांढऱ्या खडकावर उतरवलं. खडक जेमतेम सतरंजीएवढा होता. प्रयोगशाळेत वाढीचा वेग वाढवलेलं प्रवाळ बोटभर बोटभर वाढत पाण्यावर आलं होतं.

निरीक्षक हसला. "माणसानं बनवलेली जमीन आम्ही धरत नाही, बाई."

"बनवलेली?" मावशींचा पारा चढला. "अहो, इतक्या भराभर वाढायला प्रवाळाला चुना लागतो. आमच्याकडे माणूस गेलं की त्याची हाडं आम्ही यालाच घालतो. माझे वडील इथं आहेत, माझा थोरला इथं आहे. मेले, पण एकानंही देश सोडला नाही. तुम्हाला देश संपवायचाय ना? मग आधी यांना उठवा!"

भरती चढत चढत खडकाच्या काठाशी आली आणि तिथंच थांबली. निरीक्षकानं एकवार पायाखाली पाहिलं, मग वाकून बूट काढून हातात घेतले.

"कोरडे आहेत ना?" मावशींनी विचारलं. "मग तसं लिहा."